वीराचा प्रवास आणि परतीची वाट : शिरूर-दौंड परिसराशी निगडित तीन चित्रपटकथा

१

कथेतील घटना असंख्य असल्या तरी त्यांच्या मांडणीचे साचे मोजकेच असतात, हा विचार विसाव्या शतकात दोन भिन्न दिशांनी पुढे आला. व्लादिमिर प्रॉप ह्या रशियन अभ्यासकाने १९२८ साली अद्भुतकथांची छाननी करून त्यांतील एकतीस प्रकार्ये आणि पात्रांची सात कार्यक्षेत्रे निश्चित केली. जोसेफ कॅम्बेल ह्याने १९४९ साली जगभरच्या पुराणकथांच्या मुळाशी प्रस्थान, दीक्षा व प्रत्यागमन अशा तीन टप्प्यांची एकच वीरकथा असल्याचे प्रतिपादन केले. प्रॉपची दृष्टी वाक्यरचना उलगडणाऱ्या वैयाकरणाची आहे. कॅम्बेलच्या विवेचनामागे युंगप्रणीत मानसशास्त्रातील आदिबंधांची कल्पना उभी आहे. पुढे ख्रिस्तोफर वोग्लर ह्याने १९९२ साली कॅम्बेलच्या सिद्धान्ताला बारा पायऱ्यांचे सुटसुटीत रूप दिले, आणि ते पटकथालेखकांच्या हाती एखाद्या पाठ्यपुस्तकासारखे आले.

आदिबंध म्हणजे विशिष्ट व्यक्ती नव्हे, ते कथेतील कार्य होय, हे येथे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. एकच नाम एका वाक्यात कर्ता व दुसऱ्यात कर्म होऊ शकते. त्याचप्रमाणे एकच पात्र कथेच्या आरंभी दूत, मध्यंतरी उंबरठ्याचा रखवालदार आणि शेवटी सहायक होऊ शकते. वीर, गुरू, दूत, रखवालदार, रूप पालटणारा, छाया, सखा, विदूषक ही वोग्लरने दिलेली नावे ह्या अर्थाने कारकांसारखी आहेत. पात्राला कायमचे चिकटलेले असे लेबल म्हणून ती वापरल्यास विश्लेषण तेथेच थांबते.

प्रश्न असा की, हा आराखडा वर्णनाचे साधन आहे की मूल्यमापनाचा दंडक? शिरूर व दौंड ह्या तालुक्यांच्या भूमीशी ज्यांचा संबंध आहे अशा तीन चित्रपटकथा पाहिल्यास ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यास मदत होते.

२

पहिली कथा प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ची. विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल ह्यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९३६ साली प्रदर्शित झाला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. कॅम्बेलच्या आराखड्यात ही कथा बसवू गेल्यास पहिल्याच पायरीवर अडचण येते. येथील वीर घर सोडून कोठेही जात नाही. देहू हेच त्याचे नित्याचे जग आणि देहू हीच त्याची रणभूमी. तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवणारा सालोमालो हा ‘छाया’ ह्या संज्ञेपेक्षा प्रॉपने सांगितलेल्या तोतया वीराच्या कार्यक्षेत्रात अधिक नेमका बसतो, कारण दुसऱ्याच्या कर्तृत्वावर खोटा हक्क सांगणे हेच त्याचे प्रकार्य आहे. रामेश्वरशास्त्री आरंभी उंबरठ्यावरचा रखवालदार आहे. शेवटी तोच शरण येतो.

जिजाईची गोष्ट वेगळी. ठरीव साच्याने पाहता ती वीराच्या मार्गातील अडथळा ठरेल. चित्रपटात मात्र पोरांची भूक व आजार ह्यांचा हिशेब मागणारी तीच आहे, आणि तो मागण्यासाठी ती पायताण हाती घेऊन थेट देवळात जाते. ह्या पात्राला कोणत्याही एका आदिबंधाचे नाव पुरत नाही. तुकोबांच्या वैराग्याची किंमत प्रेक्षकाला कळते ती तिच्यामुळेच.

परंतु ह्या कथेचे खरे वैशिष्ट्य तिच्या मध्यबिंदूत आहे. कॅम्बेलच्या वीराला महामत्स्याच्या उदरात शिरावे लागते आणि तेथून पुनर्जन्म घेऊन बाहेर यावे लागते. येथे वीर इंद्रायणीच्या काठावर बसून राहतो. पाण्यात शिरते ती त्याची गाथा, आणि कोरडी बाहेर येते तीही गाथाच. म्हणजे प्रवास वीराने केलेला नाही, तो शब्दाने केला आहे. त्यामुळे टप्प्यांचा क्रमही उलटतो. प्रत्यागमन आधी घडते आणि प्रस्थान शेवटी. वैकुंठास निघालेला वीर परत येत नाही. जिजाई मागे राहते, आणि लोकांसाठी आणलेला प्रसाद, म्हणजे गाथा, त्याच्या जाण्यापूर्वीच लोकांच्या हाती पडलेला असतो.

पडद्यावर न दिसणारे परतणे ह्या भूमीत मात्र दरवर्षी घडते. आषाढी वारीत तुकोबांची पालखी दौंड तालुक्यात यवत व वरवंड येथे मुक्काम करून रोटी घाट चढते, आणि पंढरीहून पादुका पुन्हा देहूस येतात. प्रस्थान, दर्शन व परती ही त्रिपदी येथे समुदायाने चालून पुरी केली आहे.

३

दुसरी कथा मस्तानीची. तिची कबर शिरूर तालुक्यातील पाबळ येथे आहे. ना. सं. इनामदार ह्यांच्या ‘राऊ’ (१९७२) ह्या कादंबरीवर आधारलेला ‘बाजीराव मस्तानी’ हा हिंदी चित्रपट संजय लीला भन्साळी ह्यांनी २०१५ साली आणला. बाजीरावाच्या बाजूने पाहिल्यास बुंदेलखंडाची हाक घेऊन येणारी मस्तानी ही दूत ठरते. कथा तिच्या बाजूने वाचताच सर्व कारके पालटतात. मग उंबरठा ओलांडून परक्या मुलखात येणारी तीच असते, कट्यार ही तिला लाभलेली खूण ठरते, राधाबाई ही रखवालदार होते आणि पुण्याची हवेली हेच तिचे कसोटीचे स्थान होते. प्रत्यागमन येथेही नाही. १७४० साली बाजीराव नर्मदाकाठी रावेरखेडी येथे निवर्तला. मस्तानी बुंदेलखंडास परतली नाही, ती पाबळच्या मातीत राहिली. वीर कोण हे घटनांवरून ठरत नाही, कथनाच्या दृष्टिकोनावरून ठरते, ही गोष्ट ह्या उदाहरणाने स्पष्ट होते.

तिसरी कथा छत्रपती संभाजी महाराजांची. शिवाजी सावंत ह्यांच्या ‘छावा’ (१९७९) ह्या कादंबरीवर त्याच नावाचा, लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित हिंदी चित्रपट २०२५ साली प्रदर्शित झाला. १६८९ साली महाराज संगमेश्वरी पकडले गेले, भीमाकाठच्या बहादूरगडावर त्यांची विटंबना झाली, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांची हत्या झाली. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे त्यांची समाधी आहे. ह्या कथेत कसोटी हाच शेवट आहे. मात्र प्रसाद नाहीसा होत नाही; तो वारशाने पुढच्यांकडे जातो, आणि १७०७ साली औरंगजेबाचा दक्षिणेतच अंत होईपर्यंत चाललेल्या झुंजीत तो प्रकट होतो.

४

तिन्ही कथांत वीर परतत नाही. त्या अपूर्ण आहेत असे ह्यावरून म्हणावयाचे काय? मराठीच्या वैयाकरणांपुढे असाच प्रश्न उभा होता. संस्कृत वा इंग्रजी व्याकरणाची चौकट मराठीवर ठेवली असता जे चौकटीबाहेर उरते ते भाषेचे वैगुण्य नसते, चौकटीची मर्यादा असते. वीरयात्रेच्या आराखड्यालाही हेच लागू पडते. बारा पायऱ्या मोजून पटकथेला गुण देणारा समीक्षक ‘संत तुकाराम’ला नापास करील आणि त्या चित्रपटाचे मर्मही गमावून बसेल.

म्हणून विश्लेषकाने आराखड्याकडून उत्तरे न मागता प्रश्न घ्यावेत. कथेत प्रवास कोण करतो, व्यक्ती की शब्द? ती कोणाच्या बाजूने सांगितली आहे? प्रसाद कोणाच्या हाती पोहोचतो? ह्या तीन कथांपुरते तरी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पडद्याबाहेर, वारीच्या वाटेवर, कबरीपाशी आणि समाधिस्थळी मिळते. चित्रपटाचा शेवट आणि कथेचा शेवट ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांमधील अंतर हाच अभ्यासाचा खरा विषय होय.