म्हाताऱ्यांसाठी बिनउंबऱ्याची न्हाणी : माळ्याच्या लाकडी जमिनीवर कशी करावी?

न्हाणीचा विषय शेती व आरोग्याच्या पानावर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला घरोघर जाताना जे दिसते त्यावरून सांगतो, शेताच्या बांधापेक्षा न्हाणीच्या उंबऱ्याने अधिक म्हातारी माणसे पाडलेली आम्ही पाहिली आहेत. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांखालोखाल जगभरात पडण्याचाच क्रमांक लागतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले की माणूस पुन्हा पूर्वीसारखा हिंडू-फिरू लागेल याची खात्री नसते.

आमच्या धर्मग्रामातील एका आजीने आठ महिने धड आंघोळ केली नव्हती. सून ओल्या फडक्याने अंग पुसून देई. आजीला आजार काहीच नव्हता. न्हाणीच्या दाराशी नऊ इंचांचा उंबरा होता आणि तो ओलांडायची तिला भीती वाटे. रात्री लघवीला उठावे लागू नये म्हणून ती संध्याकाळनंतर पाणीही पीत नसे. अशी घरे एक-दोनच असती तर हा लेख लिहिला नसता.

खाली जमिनीवर न्हाणी करता येत असेल तर तेथेच करावी, हे आधी सांगून टाकतो. फरशी खोदून उतार काढणे सोपे, खर्च कमी, आणि म्हाताऱ्या माणसाला जिनाही चढावा लागत नाही. परंतु खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडची जुनी घरे, बेळगाव शहरातील वाडे, गोव्यातील दुमजली घरे येथे खालच्या मजल्यावर धान्य, गुरे किंवा दुकान असते, किंवा भावाभावांच्या वाटणीत एकाच्या वाट्याला फक्त वरचा मजला आलेला असतो. मग कडीपाटावरच न्हाणी करणे भाग पडते, आणि नुकसान बहुतेक येथेच होते.

नेहमीचा प्रकार असा. गवंडी येतो, फळ्यांवर काळा प्लास्टिकचा कागद पसरतो, वर विटांचे तुकडे व सिमेंट घालून चार इंचांचा कोबा करतो आणि पाणी बाहेर येऊ नये म्हणून दाराशी उंबरा बांधतो. चार फूट रुंद, सहा फूट लांब न्हाणीवर चार इंच काँक्रीट म्हणजे सुमारे साडेपाचशे किलो वजन झाले. दोन बैल माळ्यावर नेऊन कायमचे बांधावेत तसे ते! त्यातून लाकूड पावसाळ्यात आडव्या अंगाने फुगते, उन्हाळ्यात आकसते. सिमेंटला ती चाल मानवत नाही. भिंतीच्या कोपऱ्यात केसाएवढी भेग पडते, आणि रोज दोन बादल्या पाणी त्या भेगेतून फळीपर्यंत पोचते. वरून काही दिसत नाही. एका घरी दोन पावसाळ्यांनंतर खालच्या खोलीत बुरशीचा वास येऊ लागला तेव्हा पाहिले, तर भिंतीत शिरलेली कड्यांची टोके बोटाने खरवडावीत इतकी कुजली होती. लाकडातील ओलावा शेकडा २० च्या आत राहिला तर कुजवणारी बुरशी सहसा धरत नाही. टोके भिंतीत दडलेली, त्यांना वारा नाही, म्हणून ती आधी जातात. ओल्या लाकडाला वाळवी लागते ती वेगळीच.

इंग्लंडात घरांचे वरचे मजले बहुधा लाकडीच असतात, त्यामुळे तेथील कारागिरांनी हे काम चांगले बसवले आहे. अशा बिनउंबऱ्याच्या न्हाणीला ते ‘वेट रूम’ म्हणतात. वजन घालून पाणी अडवायचे नाही. जमीन हलकी व ताठ करायची, तिला उतार द्यायचा आणि वर लवचीक, अखंड कातडे चढवायचे, असे त्यांचे तंत्र आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या सामानात ते नीट बसते.

आपल्या जुन्या कडीपाटाची एक सोय इंग्लंडातल्या घरांनाही नाही. आपल्याकडे फळ्यांवर बहुधा तीन-चार इंच मातीचा थर घालून वर सारवलेले किंवा फरशी बसवलेली असते. न्हाणीच्या जागेपुरती ही माती काढून टाकली की कडीला हात न लावता तेवढी खोली आपोआप मिळते, आणि मातीचे ओझेही उतरते. बाकीच्या खोलीतील माती ढासळू नये म्हणून कडेला एक फळी उभी ठोकून घ्यावी. मातीचा थर नसेल तर न्हाणीपुरत्या फळ्या काढून कड्यांच्या दोन्ही अंगांना पट्ट्या ठोकाव्यात आणि त्या पट्ट्यांवर, कड्यांच्या मधल्या गाळ्यांत, नवी जमीन खाली बसवावी. कड्या मात्र वरून तासू नयेत. सुतार म्हणेल, “इंचभर काढले तर काय होते?” बरेच होते. सहा इंची कडीला वरून पाऊण इंचाहून खोल खाच नको आणि मधोमध तर मुळीच नको. भोक पाडायचे तर दीड इंचापेक्षा मोठे नको, आणि तेही कडीच्या उंचीच्या बरोबर मध्यावर. मोरीचा पाइप दोन इंची तरी लागतो. म्हणजे तो कडीला भोक पाडून आडवा नेताच येत नाही. तो कड्यांच्या दिशेनेच गाळ्यातून बाहेरच्या भिंतीकडे न्यावा, आणि मोरीची जागा त्याप्रमाणे ठरवावी. मोरीच्या जागेसाठी कडी कापणाऱ्या प्लंबरला घरात घेऊ नये.

माती काढल्यावर कड्या आधी तपासाव्यात. खराब टोके असतील तर बाजूने नवी कडी जोडून घ्यावी. मग उतार. गोठ्याच्या जमिनीला मूत वाहून जाण्याइतका ढाळ हवा हे आपल्यापैकी कोणाला शिकवावे लागत नाही, येथेही तेच. दर फुटाला पाव इंच ढाळ पुरे, म्हणजे चार फुटांना एक इंच. याहून जास्त दिला तर स्टूल व चाकाची खुर्ची घसरते. सुताराकडून एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक अशा पट्ट्या तासून घ्याव्यात आणि त्यांवर पाऊण इंची प्लायवूड स्क्रूने घट्ट बसवावे; खिळे ठोकू नयेत, ते सैल होतात. प्लायवूड साधे नको. आय. एस. ७१० असा छाप असलेले मरीन प्लायवूडच मागावे. उतार एक इंच, प्लायवूड पाऊण इंच, फरशी व चिकटवणीचा अर्धा-पाऊण इंच. तीन इंच मातीच्या जागेत हे सगळे मावते आणि न्हाणीची कड खोलीच्या जमिनीशी सपाट येते.

आता कातडे. प्लायवूडवर पॉलियुरेथेनचा किंवा तसाच लवचीक जलरोधक लेप दोन हात द्यावा, दुसरा हात पहिल्याला आडवा. कोपऱ्यांत, सांध्यांवर आणि मोरीच्या तोंडाभोवती जाळीची पट्टी लेपात दाबून बसवावी, कारण गळती होते ती येथेच. लेप चारी भिंतींवर सहा इंच वर चढवावा, जेथे पाणी उडते तेथे सहा फूट, आणि उंबरा नसल्यामुळे दाराबाहेरही फूटभर. हे शेवटचे बहुतेक जण विसरतात. वरची फरशी लहान व खरखरीत घ्यावी आणि सिमेंटच्या मालात न बसवता लवचीक चिकटवणीने बसवावी. इस्पितळांतून घालतात तशी, जोड वितळवून एकसंध केलेली व्हायनिलची शीट मिळाली तर ती आणखी हलकी. मोरीला दोन इंच पाणी उभे राहील असा ट्रॅप हवा, नाही तर वास व झुरळे वर येतात.

फरशी बसवण्यापूर्वी मोरीत बूच घालावे, दाराशी फळी व चिकणमातीचा तात्पुरता बांध घालावा, आणि न्हाणीत इंचभर पाणी चोवीस तास ठेवावे. भिंतीवर पेन्सिलीने खूण करावी. पाणी उतरले किंवा खाली थेंब दिसला तर कारागिराचे शेवटचे पैसे देऊ नयेत. कामाला सुगी झाल्यावर, लाकूड कोरडे असताना, हात घालावा. मात्र प्लायवूड व भिंत यांमध्ये पाव इंच फट सोडून ती लवचीक मसाल्याने भरावी, म्हणजे जूनमध्ये लाकूड फुगले तरी लेप फाटणार नाही.

आतील व्यवस्थेविषयी थोडेसे. दार तीन फुटी असावे आणि बाहेर उघडणारे. आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते. बसायला दीड फूट उंचीचे, रबरी पायांचे स्टूल. आधाराचा दांडा पावणेतीन फुटांवर, पण तो भक्कम लाकडात किंवा विटांत रोवलेला. कुडाच्या भिंतीत लावलेला दांडा नसलेलाच बरा. बंबाचे पाणी घेताना बादलीत आधी गार पाणी घालावे. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत भाजते, आणि म्हाताऱ्या कातडीला ते कळेपर्यंत उशीर होतो. गीझर असेल तर अर्थिंग व ३० मिलिअँपिअरचा गळती तोडणारा स्विच हवाच. एक खिडकी दिवसभर उघडी ठेवावी. सांडपाणी पायाशी न सोडता परसातील केळी-अळवाकडे न्यावे, विहिरीपासून दूर.

दर वर्षी गणपतीच्या सुमारास, पाऊस भरात असताना, खालच्या खोलीत शिडी लावून न्हाणीखालच्या कड्या पाहाव्यात, विशेषतः भिंतीजवळ. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक लाकडावर दाबावे. ते सहज आत रुतले किंवा लाकूड काळपट दिसले, तर न्हाणी त्याच दिवशी बंद करून सुताराला बोलवावे.