जनरेटर: जागा, जोडणी आणि दाखला

डिझेल जनरेटर म्हणजे एक इंजिन आणि त्याच्या दांड्याला जोडलेला अल्टरनेटर. इंजिन डिझेल जाळून फिरते आणि अल्टरनेटर त्या फिरण्यापासून वीज तयार करतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्याने चार ध्रुवांचा अल्टरनेटर मिनिटाला 1500 फेऱ्यांनी फिरवावा लागतो. तो वेग कायम राखण्याचे काम गव्हर्नर करतो. बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजा-मेहकर रस्त्यावरच्या दुसरबीडसारख्या गावात असे संच मंगल कार्यालय, दवाखाना, पेट्रोल पंप आणि मोठ्या दुकानांच्या मागच्या अंगाला असतात. लाईट गेली की कुणीतरी धावत जाऊन ते चालू करतो. त्या घटकेपासून जागेचा मालक वीज वापरणारा राहत नाही, वीज निर्माण करणारा होतो. वीज पुरवणाऱ्या महावितरणची बरीचशी जबाबदारी त्याच्याकडे येते, आणि याची जाणीव फार थोड्यांना असते.

मराठी मुलखाला डिझेल इंजिन नवे नाही. शंतनुराव किर्लोस्करांनी 1946 मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी सुरू केली. खेडोपाडी वीज पोचण्याआधी कित्येक विहिरींवर पाणी उपसायला हँडल मारून चालू होणारी इंजिनेच होती. ती उघड्यावर चालत, त्यांचा धूर वाऱ्यावर जाई. जनरेटर मात्र वस्तीत आला. जिन्याखाली, गोदामात, बंद शटरमागे गेला. धोक्याचे स्वरूप तिथे बदलले.

पहिला धोका धुराचा. इंधन अपुरे जळाले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. पेट्रोल इंजिनापेक्षा डिझेल इंजिनातून तो कमी निघतो हे खरे, पण कोंडलेल्या खोलीत तेवढाही पुरतो, आणि लहान सुटे जनरेटर बहुधा पेट्रोलवरच चालतात. जुलै 2021 मध्ये चंद्रपूरजवळ दुर्गापूर येथे रात्री वीज गेल्यावर घरात जनरेटर लावून झोपलेल्या एका कुटुंबातले सहा जण सकाळपर्यंत मरण पावले. घर जळाले नव्हते, कुणाला शॉक लागला नव्हता. खोलीत साठलेल्या वायूने झोपेतच जीव घेतला.

डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही सुरुवातीची लक्षणे. ती अपचनाची किंवा उन्हाची समजून माणूस आडवा होतो आणि पुन्हा उठत नाही. एकाच घरातल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, तर जनरेटर आठवला पाहिजे. अशा वेळी सर्वांनी आधी बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि मग 108 ला फोन करावा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला ओळखता येत नाही, त्यामुळे आकडा चांगलाच दिसतो. रुग्णालयात मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यावर हा वायू रक्तातून साध्या हवेपेक्षा कितीतरी लवकर निघतो.

म्हणून जनरेटरची जागा घराबाहेर, खिडक्या-दारांपासून दूर हवी. खिडकी उघडी ठेवली, पंखा लावला, एवढ्याने भागत नाही. कायम बसवलेल्या संचाचा धुराचा पाइप इमारतीच्या वर न्यावा लागतो. किती वर, याचे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सूत्र सोपे आहे: संचाच्या केव्हीए क्षमतेचे वर्गमूळ काढायचे आणि 0.2 ने गुणायचे. 25 केव्हीएचा संच असेल तर इमारतीच्या उंचीवर 1 मीटर, 100 केव्हीएला 2 मीटर. रेडिएटरची गरम हवाही खोलीबाहेर गेली पाहिजे. वऱ्हाडात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो; तीच गरम हवा पुन्हा इंजिनात शिरली तर संच तापून बंद पडतो.

दुसरा धोका जोडणीचा, आणि त्याची झळ ज्याने काहीच केलेले नाही अशा माणसाला लागते. चेंजओव्हर स्विचचा खर्च वाचवण्यासाठी दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर करून जनरेटरची वीज सरळ घरातल्या प्लगमध्ये सोडली जाते. मेन स्विच बंद करायला विसरले की ही वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते. गावातली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, 11,000 व्होल्टची वीज उतरवून 433 व्होल्ट करते. तिच्या खालच्या बाजूने वीज शिरली तर तीच डीपी ती चढवते आणि वरच्या तारांवर हजारो व्होल्ट उभे राहतात. लाइन बंद आहे अशा खात्रीने खांबावर चढलेल्या लाइनमनचा हात त्या तारेवर पडतो. पुष्कळदा सगळ्या आळीचा भार एकदम आल्याने छोटा जनरेटर लगेच बसतो, पण तार जवळच तुटलेली असेल तर भार थोडा असतो आणि तो चालूच राहतो. दुरुस्तीला माणसे नेमकी अशाच वेळी आलेली असतात.

यावर उपाय एकच. मेन, बंद आणि जनरेटर अशा तीन जागांचा चेंजओव्हर बसवायचा. त्यात महावितरणची आणि जनरेटरची वीज एकाच वेळी जोडली जाणे यंत्राच्या रचनेनेच अशक्य असते. थ्री फेज संचाला न्यूट्रलही बदलणारा चार पोलचा चेंजओव्हर घ्यावा. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर घरात ठेवूच नये. तिचे उघडे टोक हातात असते तेव्हा त्यात वीज असू शकते.

अर्थिंगकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. जनरेटरच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थिंग आणि न्यूट्रलला दोन, असा कायम बसवलेल्या संचाचा नियम आहे. न्यूट्रल जमिनीशी जोडलेला नसेल तर गळतीच्या प्रवाहाला परत यायला वाट मिळत नाही आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी असूनही पडत नाही. काळी जमीन उन्हाळ्यात वाळून भेगाळते, अर्थिंगचा रोध वाढतो. लग्नसराई नेमकी याच दिवसांत असते, त्यामुळे खड्ड्यात पाणी सोडणे आणि रोध मोजून घेणे टाळू नये.

संच केवढा घ्यावा, यात दोन्हीकडून चुका होतात. केव्हीएला 0.8 ने गुणले की किलोवॉट मिळतात. म्हणजे 25 केव्हीए संचातून 20 किलोवॉट, दर फेजला सुमारे 35 अँपिअर. पाच अश्वशक्तीची थ्री फेज मोटर चालताना सात-आठ अँपिअर घेते, पण थेट सुरू होताना क्षणभर त्याच्या सहा पट, म्हणजे पंचेचाळीसच्या आसपास. वऱ्हाडी जेवायला बसलेले असताना बोअरची मोटर टाकली की सगळे दिवे मंदावतात ते यामुळे. मोटर आधी सुरू करावी, दिवे-पंखे नंतर जोडावेत. फार मोठा संच घेऊन त्यावर चार दिवे लावणेही नुकसानीचे. भार एक तृतीयांशाच्या खाली राहिला तर इंजिन पुरेसे तापत नाही आणि न जळलेले डिझेल व काजळी सायलेन्सरमध्ये साचते.

आता दाखल्याविषयी, म्हणजे संचाला मिळणाऱ्या मान्यता प्रमाणपत्राविषयी. जनरेटरच्या आवाजाची आणि धुराची मर्यादा पर्यावरण (संरक्षण) नियम 1986 मध्ये घातलेली आहे. 1000 केव्हीएपर्यंतच्या डिझेल संचाचा आवाज कॅनोपीपासून, म्हणजे संचाभोवतीच्या आवाज अडवणाऱ्या पेटीपासून, 1 मीटरवर 75 डेसिबलपेक्षा जास्त नसावा, हे 1 जानेवारी 2005 पासून बंधनकारक आहे. इंजिनाच्या धुराचे निकष वेगळे, आणि ते अलीकडे फार कडक झाले. 1 जुलै 2023 पासून लागू झालेल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘सीपीसीबी चार प्लस’ निकषांत 19 ते 56 किलोवॉट गटातल्या इंजिनाला प्रति किलोवॉट-तास 0.3 ग्रॅम काजळीच्या जागी 0.03 ग्रॅमचीच मुभा राहिली. काजळीचे हे कण फुप्फुसात खोल जातात, त्यामुळे हा बदल रास्तच म्हणायला हवा. नव्या प्रकारच्या संचाची चाचणी घेऊन मान्यता देणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याची एआरएआय ही 1966 मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. एकदा मान्यता मिळाली की काम संपत नाही. कारखान्यातून पुढे निघणारे संच नमुन्याबरहुकूम आहेत का, हेही तपासले जाते.

ग्राहकाला हे सगळे संचावरच्या एका पट्टीवर वाचता येते. उत्पादकाचे नाव, मान्यता प्रमाणपत्राचा क्रमांक आणि बनवल्याची तारीख तिच्यावर असते. जुना संच घेताना पट्टी खरवडलेली किंवा नाहीशी असेल तर स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये. संच तापतो म्हणून कॅनोपीची दारे काढून ठेवणाऱ्यांचा दाखलाही निरर्थक होतो, कारण मंजुरी दारांसकट संचाला मिळालेली असते.

राहिला आगीचा धोका. डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही, म्हणून हलगर्जीपणा होतो. पेट घेण्याजोगी वाफ धरण्याचे त्याचे तापमान किमान 35 अंश असावे, एवढीच मानकाची अट आहे, आणि वैशाखाच्या उन्हात पत्र्याचा ड्रम त्याहून तापतो. पेट्रोलियम कायदा 1934 नुसार 2500 लिटरपर्यंतचा साठा, एका भांड्यात 1000 लिटरपेक्षा जास्त नसल्यास, परवान्याशिवाय ठेवता येतो. मात्र तो सावलीत आणि इंजिनापासून लांब हवा. इंजिन बंद करून, निवल्यावरच डिझेल भरावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, दाबाखालचे उकळते पाणी अंगावर येते. डिझेलच्या आगीवर पाणी मारू नये. कोरड्या पावडरचे अग्निशामक आणि वाळूची बादली जवळ असावी.

कायम बसवायच्या संचाची जोडणी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावी लागते, आणि ठरावीक क्षमतेपुढच्या संचासाठी विद्युत निरीक्षकांची परवानगी लागते. भाड्याच्या, गाडीवर आलेल्या जनरेटरकडे मात्र बहुधा कुणी पाहत नाही. कार्यमालकाने तो मंडपापासून दूर उभा करायला लावावा, अर्थिंगची सळई ओल्या जमिनीत ठोकलेली स्वतः पाहावी आणि मेनला चेंजओव्हर नसेल तर तो जोडू देऊ नये.