गुरूच्या चुंबकांबरातील आयनद्रायू तरंग

गुरू ग्रहाच्या चुंबकांबरातील (ग्रहाच्या चुंबकीय क्षेत्राचे वर्चस्व असलेल्या अवकाशीय प्रदेशातील) आयनद्रायूत म्हणजे विद्युत् भारित कणांच्या वायूत उद्‌भवणारी विद्युतीय व चुंबकीय आंदोलने. हा आयनद्रायू इतका विरळ असतो की, त्यातील कणांच्या टकरी क्वचितच होतात. हवेत ऊर्जेची देवघेव रेणूंच्या टकरींनी होते. येथे ते कार्य बव्हंशी तरंगच करतात.

आयनद्रायूचा मुख्य पुरवठा आयो या उपग्रहावरील ज्वालामुखींपासून होतो. तेथून दर सेकंदास सु. १ टन द्रव्य सुटते व आयनीभूत होऊन गुरूभोवती कंकणाकार पसरते. कंकणाच्या दाट भागात दर घ. सेंमी.मध्ये सु. २,००० इलेक्ट्रॉन असतात. इलेक्ट्रॉनांच्या सामुदायिक आंदोलनाची किलोहर्ट्‌झमधील कंप्रता या संख्येच्या वर्गमूळाच्या सु. ९ पट, म्हणजे येथे सु. ४०० असते. म्हणून कंप्रता नोंदली की घनता काढता येते.

व्हॉयेजर-१ या अवकाशयानाने १९७९ मध्ये येथे शीळ तरंग नोंदले. विजेच्या लोळापासून निघालेल्या तरंगांतील उच्च कंप्रतेचे घटक आधी व नीच कंप्रतेचे नंतर पोहोचतात. ध्वनीत रूपांतर केल्यास उतरत्या सुराची शीळ ऐकू येते. गुरूवर विजा चमकतात याचा हा सबळ पुरावा ठरला. पुढे जुनो यानाच्या नोंदींत असे १,६०० हून अधिक तरंग आढळले (२०१८). पहाटेच्या पाखरांच्या किलबिलाटासारखे वाटणारे ‘वृंद’ तरंगही व्हॉयेजरला आयोच्या कंकणाजवळ आढळले होते.

किलोहर्ट्‌झ पल्ल्यातील हे तरंग पृथ्वीवर पोहोचत नाहीत. पृथ्वीचे आयनांबर त्यांना अडविते. बी. एफ. बर्क व के. एल. फ्रँकलिन यांना १९५५ मध्ये २२.२ मेगाहर्ट्‌झला आढळलेले गुरूचे रेडिओ तरंग मात्र पोहोचतात. त्यांची वरची मर्यादा सु. ४० मेगाहर्ट्‌झ आहे. बलरेषेभोवती इलेक्ट्रॉन दर गौसला सेकंदास २८ लक्ष फेरे घालतो, हे लक्षात घेता उगमस्थानी सु. १४ गौस क्षेत्र असले पाहिजे.

पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटर तरंग रेडिओ दूरदर्शकाच्या (४५ मी. व्यासाच्या ३० अँटेना) कक्षेत याहून उच्च कंप्रता येतात. त्याने ६१० मेगाहर्ट्‌झला टिपलेले गुरूचे सिंक्रोट्रॉन प्रारण हे आयनद्रायू तरंग नव्हेत. प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोचलेले इलेक्ट्रॉन ग्रहानजीकच्या तीव्र क्षेत्रात फिरताना ते उत्सर्जित करतात. या इलेक्ट्रॉनांना एवढी ऊर्जा कशी मिळते, हाच खरा प्रश्न होय. ग्रहाकडे सरकताना वाढत्या क्षेत्रामुळे त्यांची ऊर्जा वाढते, हे जुने स्पष्टीकरण; परंतु त्यासाठी आरंभीच बरीच ऊर्जा असलेले इलेक्ट्रॉन लागतात. रिचर्ड हॉर्न व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ही उणीव भरून काढली. आयोच्या कक्षेबाहेर वृंद तरंगांची कंप्रता इलेक्ट्रॉनांच्या फेऱ्यांशी जुळली की अनुस्पंदन होऊन तरंगांची ऊर्जा त्यांना मिळते व मग ते आत सरकतात, असे त्यांनी दाखविले.

हे आत सरकणे सूर्यावरही अवलंबून असावे. जंबुपार किरणांनी गुरूचे उच्च वातावरण तापले की सरकण्याचा वेग वाढतो, ही कल्पना पडताळण्यासाठी जपानी शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये खोडदच्या दूरदर्शकाने या प्रारणातील अल्पकालीन बदल मोजले.