मांस शिजले हे कशावरून ओळखावे?

सन २०२१ च्या जानेवारीत दिल्लीच्या मयूर विहार भागात कावळे आणि संजय सरोवरात बदके मरून पडू लागली. ९ जानेवारीस दिल्ली सरकारने गाझीपूर येथील कोंबड्यांचा घाऊक बाजार दहा दिवसांसाठी बंद केला. मृत पक्ष्यांच्या नमुन्यांत बर्ड फ्लूचा विषाणू आढळताच महापालिकांनी उपाहारगृहांतून कोंबडीचे पदार्थ देण्यासही मनाई केली. गाझीपूरहून घेतलेल्या १०० नमुन्यांपैकी मात्र एकातही विषाणू सापडला नाही आणि मुदतीपूर्वीच बाजार उघडला. तथापि या अवधीत घरोघरी एकच प्रश्न विचारला जात होता : कोंबडी खावी की खाऊ नये?

दिल्लीतच मुख्य कार्यालय असलेल्या भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने याचे उत्तर अंशांत दिले. ७० अंश सेल्सिअस तापमानात हा विषाणू सुमारे ३ सेकंदांत निष्क्रिय होतो. म्हणून मांसाच्या गाभ्याचे तापमान ७४ अंशांपर्यंत पोचले म्हणजे भीतीचे कारण उरत नाही. उत्तर नेमके होते. परंतु हा आकडा पाहावयाचे साधन फारच थोड्या स्वयंपाकघरांत होते.

सामान्यतः आपण मांस शिजल्याची परीक्षा रंगावरून करतो. ही परीक्षा फसवी आहे. मांसाचा तांबूस रंग रक्तामुळे नव्हे, तर स्नायूंतील मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनामुळे येतो. हे प्रथिन कधी जंतू मरण्यापूर्वीच तपकिरी होते, तर कधी मांस पूर्ण शिजूनही गुलाबीच राहते. कोवळ्या कोंबडीच्या हाडांतील मज्जा पाझरून हाडालगतचे मांस लाल दिसते, ते याहून निराळे. म्हणजे डोळ्यांनी पाहणारा कधी कच्चे मांस वाढतो, तर कधी चांगले मांस उगाच करपवितो.

उष्णतेने जंतू मरतात ते त्यांच्या शरीरातील प्रथिनांची घडण मोडते म्हणून. आणि या क्रियेस जसे तापमान लागते, तसा वेळही लागतो. कोंबडीच्या मांसात आढळणारा साल्मोनेला हा जंतू ६० अंशांना पुरता नष्ट व्हावयास अर्ध्या तासाच्या आसपास अवधी लागू शकतो. ७४ अंशांना काही सेकंद पुरतात. घरात घड्याळ लावून बसण्यापेक्षा ७४ हा एकच आकडा लक्षात ठेवणे सोयीचे, एवढाच त्यामागील हेतू आहे.

रोजच्या रश्शासाठी मात्र या यंत्राची गरज नाही. लहान तुकडे उकळत्या रश्शात पुरेसा वेळ राहिले की त्यांचा गाभाही ७४ अंशांच्या पुष्कळ वर जातो. अडचण आहे ती तंदूर, शेगडी आणि भट्टी यांची. तंदुरातील उष्णता कित्येक शे अंशांची असते. तंगडीची साल काळी पडते, आणि उष्णता सावकाश आत शिरत असल्याने हाडाजवळचा भाग तसाच राहतो. तंदुरी कोंबडीच्या दिल्लीत हे सांगणे अगत्याचे आहे.

मांसाचा तापमापक म्हणजे टोकदार सळई व तिच्या डोक्यावर तबकडी किंवा अंक दाखविणारी पेटी. तबकडीच्या जातीत दोन धातूंची जोडपट्टी गुंडाळलेली असते. दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नसल्याने ती पिळवटते आणि काटा फिरतो. ही पट्टी सळईच्या खालच्या सुमारे ५ सेंटिमीटर भागात पसरलेली असते. म्हणून पातळ कबाबात ती सळई वरून न खुपसता आडवी घालावी. अंकदर्शक जातीत संवेदनशील भाग अगदी टोकाशी असतो, म्हणून घरासाठी तीच बरी. काचेचा पाऱ्याचा तापमापक स्वयंपाकात कदापि वापरू नये.

सळई मांसाच्या सर्वांत जाड भागात घालावी आणि हाडास टेकू देऊ नये. हाडाची उष्णता मांसासारखी नसते आणि आकडा चुकतो. दोन-तीन ठिकाणी पाहून त्यांतील सर्वांत कमी आकडा खरा धरावा. यंत्राची परीक्षा बर्फाच्या चुऱ्यात पाणी घालून करावी. तेथे शून्य दिसले पाहिजे. उकळत्या पाण्यात दिल्लीस १०० पेक्षा अर्धा-पाऊण अंश कमी दिसल्यास यंत्रास दोष देऊ नये. शहर समुद्रसपाटीहून सुमारे २०० मीटर उंच आहे, त्याचा हा परिणाम होय.

तापमापक सांगतो ते केवळ शिजलेल्या मांसाविषयी. जुलै २०२१ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत हरयाणातील एक मुलगा बर्ड फ्लूने दगावला. या रोगाने भारतात नोंदलेला तो पहिला मानवी मृत्यू. माणसास हा रोग जडतो तो बहुधा आजारी किंवा मेलेल्या पक्ष्यांच्या संसर्गाने; तेथे ७४ चा आकडा उपयोगी पडत नाही. कच्चे मांस हाताळल्यावर हात, सुरी आणि फळी साबणाने धुवावी लागतात. तापमापकाची सळईही याला अपवाद नाही : ६० अंश दाखविलेल्या मांसातून काढलेली सळई न धुता दहा मिनिटांनी पुन्हा खुपसली, तर आधीचे जिवंत जंतू तिच्यावरून ताटापर्यंत पोचू शकतात.