विश्लेषण : तीन वर्षांत राख झालेला जपानचा अझुची किल्ला पुन्हा का बांधला जात नाही? त्याच्या हरवलेल्या चित्राचा गोव्याशी काय संबंध?

जपानी किल्ला म्हटले की हिमेजीसारखा पांढराशुभ्र, मजल्यावर मजला चढवलेला उंच बुरुज-महाल आठवतो. ही धाटणी ज्या किल्ल्यापासून रुजली असे मानले जाते, तिथे मात्र आज एकही मजला उभा नाही. शिगा प्रांतातील अझुची डोंगरावर पायऱ्या, तटाच्या भिंती आणि माथ्यावर खांबांच्या बैठकीचे दगड एवढेच उरले आहे. बांधकाम सुरू झाले १५७६ मध्ये, म्हणजे २०२६ मध्ये ४५० वर्षे. हा किल्ला पुन्हा उभारावा, ही मागणी जपानमध्ये जुनी आहे. पण तो दिसत कसा होता, यावरच एकमत नाही. तो दाखवणारे चित्र होते. ते गोव्याच्या वाटेने रोमला गेले आणि तिथे हरवले.

अझुची कुठे आहे आणि तिथेच का बांधला?

क्योतोच्या ईशान्येला बिवा हे जपानमधील सर्वांत मोठे सरोवर आहे. त्याच्या पूर्व काठावर जेमतेम २०० मीटर उंचीचा अझुची डोंगर. आज माथ्यावरून खाली भातशेती दिसते, त्यामुळे जागेचे महत्त्व चटकन लक्षात येत नाही. सोळाव्या शतकात डोंगराचा पायथा पाण्यात होता. सरोवराचा हा भाग विसाव्या शतकात पाणी उपसून शेतीखाली आणला गेला. ओदा नोबुनागा या सरदाराने तोवर मध्य जपानचा मोठा भाग जिंकला होता. राजधानी क्योतो जवळ हवी, पण तिथल्या दरबारी राजकारणात अडकायचे नाही आणि सरोवरातून नावांनी सैन्य हलवता आले पाहिजे, या तिन्ही गोष्टी अझुचीत जुळल्या.

त्याआधीचे जपानी गिरिदुर्ग बहुतेक मातीचे बांध, खंदक आणि लाकडी कुंपणांचे असत. लढाई आली की वर चढायचे, एरवी खाली राहायचे. नोबुनागा १५७९ मध्ये थेट माथ्यावरच्या महालात राहायला गेला. त्याच्या दृष्टीने किल्ला ही लपण्याची नव्हे, दिसण्याची जागा होती.

चढताना काय दिसते?

पायथ्याचा मुख्य रस्ता, ओतेमिची, पाहून गोंधळायला होते. सुमारे सहा मीटर रुंद पायऱ्या डोंगरावर जवळजवळ १८० मीटर सरळ चढत जातात. किल्ल्याची वाट वळणावळणाची असावी, शत्रू प्रत्येक वळणावर अडावा, हे साधे गणित इथे धुडकावलेले दिसते. अभ्यासकांचा एक कयास असा की ही वाट शत्रूसाठी नव्हतीच; नोबुनागा सम्राटांना इथे आणणार होता आणि ही त्यांच्या स्वागताची वाट होती. माथ्याजवळ उत्खननात सापडलेल्या एका महालाची मांडणी क्योतोतील राजवाड्याशी मिळतीजुळती असल्याने या मताला बळ मिळाले. दुतर्फा सरदारांच्या वाड्यांची जोती आहेत. त्यातले एक नंतर जपानचा सर्वेसर्वा झालेल्या हिदेयोशीचे, असे परंपरा सांगते.

पायऱ्यांकडे नीट पाहिले तर मधूनच दगडात कोरलेला बुद्ध दिसतो. दगड कमी पडले तेव्हा आसपासच्या मूर्ती आणि थडग्यांचे दगड उचलून पायऱ्यांत बसवले गेले. आज त्यांच्याजवळ पाट्या आहेत आणि लोक तिथे नाणी ठेवतात. मूर्ती काढून संग्रहालयात नेल्या नाहीत, हा निर्णय मला योग्य वाटतो. चार वर्षांत डोंगर उभा करणाऱ्या माणसाची घाई त्या पायऱ्यांतच कळते.

घाईची आणखी एक कथा ‘साप-दगडा’ची. नोबुनागाचा चरित्रकार ओता ग्युइची लिहितो की हा प्रचंड दगड वर चढवायला दहा हजारांवर माणसे लागली आणि तीन दिवस-रात्र ते काम चालले. पोर्तुगीज जेझुइट लुईश फ्रोईश याने लिहिले आहे की एक मोठा दगड घसरला आणि दीडशे माणसे चिरडली. हा दगड अजून कोणाला सापडलेला नाही.

चुना न वापरता भिंती टिकल्या कशा?

इथले बहुतेक दगड अनघड आहेत. बिवाच्याच काठावरच्या आनो गावच्या पाथरवटांची ही पद्धत. दगडाचे लहान तोंड बाहेर आणि लांब अंग भिंतीत, फटींत छोटे दगड, आणि भिंतीच्या पाठीमागे गोट्यांचा जाड थर. सिव्हिलच्या वर्गात धारक भिंत शिकवताना पहिली तंबी मिळते ती हीच : भिंत मातीने कमी आणि मागे तुंबलेल्या पाण्याने जास्त पडते. गोट्यांच्या थरातून पाणी निघून जाते. चुना नसल्याने भूकंपात दगड किंचित सरकतात, पण भिंत एकसंध तडकत नाही. दगडी तट आधीही होते. पण उंच तट, त्यावर कौलारू जड इमारत आणि सोन्याचा वर्ख दिलेली कौले हे सगळे इतक्या प्रमाणावर एकत्र आले ते अझुचीत.

माथ्यावरचा महाल कसा होता?

लिखित वर्णने आहेत. बाहेरून पाच, आतून सात मजले. त्यातला एक तळघर. वरून दुसरा मजला अष्टकोनी, सर्वांत वरचा सोनेरी. आतली चित्रे कानो एइतोकु या त्या काळच्या अव्वल चित्रकाराची. भानगड बैठकीच्या दगडांपाशी सुरू होते. ओळीत मांडलेल्या या दगडांमध्ये नेमका मधला दगड नाही. तिथे खड्डा आहे. १९७६ मध्ये वास्तुइतिहासकार नाइतो आकिरा यांनी एका जुन्या आराखड्याच्या आधारे मांडले की मध्यभागी खांब नव्हताच, चार मजले उंच मोकळा चौक होता आणि त्यात बौद्ध स्तूप. चर्चच्या आतल्या उंच पोकळीची आठवण करून देणारी ही कल्पना लोकांना भलतीच आवडली. पुढच्याच वर्षी मियाकामी शिगेताका यांनी त्या आराखड्याच्या विश्वासार्हतेवरच आक्षेप घेतला. हा वाद आजही मिटलेला नाही.

चित्र गोव्यापर्यंत कसे आले?

नोबुनागाने किल्ला आणि खालचे शहर घडीच्या पडद्यांच्या जोडीवर रंगवून घेतले होते. जेझुइट पत्रांनुसार सम्राटांनी ते पडदे मागवून पाहिले आणि ठेवून घेण्याची इच्छाही सूचित केली. नोबुनागाने दाद दिली नाही. १५८१ मध्ये मात्र त्याने ते आलेस्सांद्रो वालिन्यानो या इटालियन पाद्र्याला भेट दिले. वालिन्यानो पूर्वेकडच्या जेझुइट मोहिमांचा निरीक्षक. त्याच्या कामाचे मुख्य ठाणे गोवा. त्याच्या निरोपाच्या सुमारास नोबुनागाने सारा किल्ला कंदिलांनी उजळवला, याची नोंद जपानी आणि युरोपीय दोन्ही कागदपत्रांत आहे.

फेब्रुवारी १५८२ मध्ये वालिन्यानो चार जपानी किशोरांना घेऊन नागासाकीहून निघाला. मकाव, मलाक्का, कोचीन करत ही मंडळी १५८३ मध्ये गोव्यात पोहोचली. वालिन्यानोला इथेच प्रांतप्रमुख म्हणून थांबावे लागले. मुले आणि पडदे पुढे गेले. १५८५ मध्ये पडदे रोममध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांना अर्पण झाले. व्हॅटिकनमध्ये ते काही वर्षे तरी होते, कारण १५९० च्या दशकात एका फ्लेमिश अभ्यासकाने त्यातल्या इमारतींची रेखाटने केली. त्यानंतर माग लागत नाही. जपानी पथकांनी व्हॅटिकनमध्ये शोध घेऊनही ते मिळालेले नाहीत.

परतीच्या प्रवासात, १५८७ मध्ये, त्या चौघांपैकी हारा मार्तिन्योने गोव्यात लॅटिन भाषण केले आणि पुढच्या वर्षी ते गोव्यातच छापले गेले. मुले जपानला पोहोचली १५९० मध्ये. ज्या किल्ल्याचे चित्र त्यांनी अर्ध्या जगातून वाहून नेले, तो तोवर आठ वर्षांपूर्वीच जळाला होता.

आग कोणी लावली?

जून १५८२ मध्ये क्योतोच्या होन्नो-जी मंदिरात आकेची मित्सुहिदे या नोबुनागाच्याच सरदाराने उठाव केला आणि नोबुनागाचा अंत झाला. दोन आठवड्यांच्या आत अझुचीचा माथा पेटला. फ्रोईश नोबुनागाच्याच मुलावर, नोबुकात्सुवर, ठपका ठेवतो. काही जण आकेचीच्या माणसांवर. किल्ला १५८५ मध्ये सोडून देण्यात आला.

मग पुन्हा बांधत का नाहीत?

अझुचीला १९५२ पासून ‘विशेष ऐतिहासिक स्थळ’ हा दर्जा आहे. अशा ठिकाणी मूळ जागेवर पुनर्बांधणीची परवानगी हवी तर आराखडा, चित्र, उत्खनन यांचा भक्कम पुरावा द्यावा लागतो. इथे पुरावाच वादग्रस्त आहे. नाइतोंच्या बाजूने बांधले आणि उद्या रोममध्ये पडदे सापडले, तर काय करायचे? शिवाय एकदा काँक्रीटचा पाया घातला की ते बैठकीचे दगड आणि मधला खड्डा पुन्हा तपासता येणार नाहीत. शिगा प्रांताने त्यामुळे किल्ला डिजिटल स्वरूपात ‘दाखवण्याचा’ मार्ग निवडला आहे आणि २०२३ पासून महालाच्या परिसरात २० वर्षांचे नवे उत्खनन हाती घेतले आहे. तिथले दगड नुसते कोसळले नसून मुद्दाम पाडले गेले असावेत, अशी चिन्हे पहिल्याच टप्प्यात दिसल्याचे तज्ज्ञांनी सांगितले.

स्क्रीनवर दाखवलेला महाल चुकीचा ठरला तर फाइल बदलता येते. इमारतीचे तसे नाही. पर्यटकांना सेल्फीसाठी बुरुज हवा असतो हे खरे. पण ती हौस भागवण्याची सोय डोंगराबाहेर आधीच झाली आहे. १९९२ च्या सेव्हिल जागतिक प्रदर्शनासाठी वरचे दोन मजले पूर्ण आकारात बनवले गेले, ते आता अझुचीतल्याच एका संग्रहालयात आहेत. सोनेरी, लाल, झगझगीत, आणि अर्थातच नाइतोंच्या मतानुसार.

पाहायला जायचे तर?

क्योतोहून रेल्वेने तासाभरात अझुची स्थानक, तिथून २५ मिनिटे पायी किंवा भाड्याची सायकल. डोंगर नोबुनागाने स्थापलेल्या सोकेन-जी मंदिराच्या मालकीचा असल्याने प्रवेशशुल्क मंदिर घेते. पायऱ्या उंच आणि असमान आहेत. पावसात निसरड्या होतात. वर हिदेयोशीने बांधलेली नोबुनागाची समाधी आहे. उतरताना सोकेन-जीच्या बाजूने या. १८५४ च्या आगीतून वाचलेला तीन मजली पॅगोडा तिथे आहे आणि त्याच्या पुढच्या मोकळ्या जागेतून सरोवराचा उरलेला तुकडा दिसतो.