नळी तापते ती कशाने?

मागच्या व्याख्यानात आपण 'वस्तू' आणि 'क्रिया' यांतला भेद पाहिला. आज त्याचंच एक उदाहरण घेऊ, बंदुकीच्या नळीचं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात बंदूक कशाला, असं कुणाला वाटेल. पण उष्णता ही वस्तू आहे की हालचाल, या वादातला एक मोठा टप्पा तोफांच्या कारखान्यात पार पडला, त्याला आपला इलाज नाही.

सतत गोळीबार केला की नळी तापते. का? बहुतेक जण म्हणतात, गोळी घासत जाते म्हणून. घासण्याचा वाटा आहेच, पण मोठा वाटा जळत्या दारूच्या वायूचा. हा वायू दोन-अडीच हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो, आणि पोलाद तर पंधराशेच्या आसपास वितळतं. मग नळी वितळत कशी नाही? कारण वायूचा हा भडका सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरताच टिकतो. तेवढ्या वेळात आतला अगदी पातळ थर भाजून निघतो आणि मग ती उष्णता सावकाश बाहेरच्या पोलादात मुरते. एका गोळीनं फारसं बिघडत नाही. पण आधीची उष्णता हवेत जायच्या आत पुढची गोळी सुटली, तिच्यामागून आणखी एक, की तापमान चढतच जातं. नळीची आतली बाजू झिजते, नेम बिघडतो. शेवटी अशी वेळ येते की घोडा न दाबताच, नुसत्या तापलेल्या कप्प्यात बसून काडतूस उडतं. समोर कोण उभं आहे हे त्या काडतुसाला ठाऊक नसतं. म्हणून तर अनेक मशिनगनांची नळी लढाई चालू असतानाच बदलायची सोय केलेली असते.

सोप्या भाषेत सांगायचं तर हा हौद आहे. नळानं पाणी येतंय, मोरीनं जातंय. येणं जास्त झालं की पातळी चढते.

आता जरा थांबा. हा दृष्टान्त देताना आपण काय केलं? उष्णतेला पाण्यासारखी वस्तू मानून मोकळे झालो! अठराव्या शतकातले मोठेमोठे लोक नेमकं हेच मानत होते. लाव्हाझिएनं तर मूलद्रव्यांच्या यादीत 'कॅलरिक' नावाचं उष्णतेचं द्रव्यच घातलं होतं.

या मताला धक्का दिला बेंजामिन थॉम्पसननं. जन्म अमेरिकेतला, निष्ठा इंग्रजांशी, पुढे बव्हेरियात जाऊन काउंट रमफर्ड झाला. माणूस म्हणून फार भरवशाचा नव्हे, पण निरीक्षण पक्कं. म्युनिकमध्ये पितळी तोफा पोखरताना धातू भलताच तापतो, हे त्यानं पाहिलं. कॅलरिकवाले म्हणत, धातूचा कीस होताना त्यातलं कॅलरिक बाहेर पडतं. यानं मुद्दाम बोथट गिरमिट घेतलं, म्हणजे कीस नावापुरता आणि घासणं भरपूर. भोवती पेटी बसवून तिच्यात साडेआठ किलोच्या आसपास पाणी भरलं आणि घोड्यांच्या ताकदीनं तोफेचा तुकडा फिरवत ठेवला. अडीच तासांनी पाणी उकळलं. विस्तव नाही, काही नाही! बघणारे थक्क झाले. १७९८ साली त्यानं रॉयल सोसायटीपुढे मांडलं की जी गोष्ट अशी कितीही काढली तरी संपत नाही, ती वस्तू असूच शकत नाही. ती हालचाल असली पाहिजे.

आता दुसरी पाण्याची पेटी पाहू. १९१२ साली ब्रिटिश सैन्यानं घेतलेल्या व्हिकर्स मशिनगनच्या नळीभोवती सुमारे चार लिटर पाणी असे. मिनिटाला दोनशेच्या वेगानं तीनेक मिनिटं गोळ्या झाडल्या की ते उकळायला लागे. हिशेब आपणच करू. चार लिटर पाणी वीस अंशांवरून शंभरावर न्यायला साधारण तेराशे चाळीस किलोज्यूल लागतात. त्याला सहाशे गोळ्यांनी भागलं की गोळीमागे सव्वादोन किलोज्यूल येतात. नळीतून सुटणाऱ्या गोळीची स्वतःची ऊर्जा तीन किलोज्यूलच्या थोडी वर. म्हणजे गोळीला जेवढं मिळालं, त्याच्या दोन-तृतीयांश नळीनं गिळलं.

गोळीची गती आणि पाण्याची ऊब एकाच वहीत अशी मांडता येते, याचं श्रेय १८४०च्या दशकातल्या ज्यूलच्या मोजमापांना. रमफर्डकडे ही वही नव्हती. म्हणून त्याचंच एक जुनं निरीक्षण त्याला नीट उलगडलं नाही. १७७८ साली इंग्लंडमध्ये दारूचे प्रयोग करताना त्याला आढळलं की गोळी न भरता नुसती दारू उडवली तर नळी जास्त तापते! त्याला वाटलं, वायूचा तडाखा नळीच्या धातूला बसतो म्हणून. आज आपण म्हणू, गोळी ढकलण्यात वायूची काही ऊर्जा खर्च होते, ती उष्णतेच्या खात्यातून वजा करा. पण तेवढ्यानं सगळं भागत नाही. पुढे गोळीचा अडसर नसला की दारूची जळण्याची रीतही बदलते. तेव्हा रमफर्डच्या नळीचा हिशेब करताना ही दोन्ही कलमं धरावी लागतात.