आलेच हिमनदीचा नवस

हिमनदी या शब्दाने वाचकाची प्रथम थोडी फसगत होते. नदी म्हटली की खळाळते पाणी डोळ्यांपुढे उभे राहते. हिमनदी मात्र पाहणाऱ्याला अगदी निश्चल भासते. डोंगरांच्या कुशीतून उतरलेला बर्फाचा एक रुंद राजमार्ग कोणी कधी काळी घालून ठेवला आणि तो तसाच राहिला, असे वाटते. परंतु त्या बर्फात आज एक काठी रोवावी आणि वर्षाने पुन्हा जाऊन पाहावे, तर ती काठी कितीतरी खाली सरकलेली आढळेल. उंच शिखरांवर वर्षानुवर्षे हिम पडते, थरावर थर चढतो, खालच्या थरांतील हवा दाबाने निघून जाते आणि भुसभुशीत हिमाचा निळसर, टणक बर्फ होतो. पुढे तो आपल्याच भाराने उतारावरून वाहू लागतो. हीच हिमनदी.

आल्प्स पर्वतातील सर्वांत लांब हिमनदी स्वित्झर्लंडच्या वालिस प्रांतात आहे. तिचे नाव आलेच. लांबी सुमारे वीस किलोमीटर, क्षेत्रफळ सुमारे ऐंशी चौरस किलोमीटर. युंगफ्राऊ, म्योंख इत्यादी शिखरांच्या दक्षिण अंगावर जमलेले हिम तीन मोठ्या प्रवाहांनी खाली येते आणि ‘कॉन्कॉर्डिया’ नावाच्या विस्तीर्ण पठारावर एकत्र मिळते. त्या ठिकाणी बर्फाची जाडी सुमारे आठशे मीटर असल्याचे मोजमापावरून दिसते. त्या तीन प्रवाहांपैकी एकाला तेथील लोक ‘सनातन हिमाचे शेत’ म्हणतात. नाव ठेवणाऱ्यांना पुढची कल्पना नव्हती, एवढेच म्हणावे.

या हिमनदीचे दर्शन घेण्यास प्रवाशाला दोन मार्ग आहेत. पहिला प्रसिद्ध मार्ग आगगाडीचा. आडोल्फ गुयर-झेलर या उद्योजकाने आयगर व म्योंख या दोन पर्वतांच्या पोटातून बोगदा खणून युंगफ्राऊच्या खिंडीपर्यंत लोहमार्ग नेण्याचा घाट घातला. १८९६ मध्ये काम सुरू झाले, १८९९ मध्ये तो स्वतः मरण पावला, आणि १९१२ मध्ये गाडी ३४५४ मीटर उंचीवरील स्थानकात पोहोचली. पहाड फोडणारे मजूर बहुतांशी इटलीहून आलेले होते आणि त्यांतील अनेकांनी तेथेच प्राण ठेवले. आज उबदार डब्यात बसून वर जाणाऱ्या प्रवाशाने त्यांची क्षणभर तरी आठवण करावी. स्थानकाच्या गच्चीवरून हिमनदीचा उगम पायाशी पसरलेला दिसतो.

परंतु माझे मत विचाराल, तर दुसरा मार्ग अधिक चांगला. रोन नदीच्या खोऱ्यातील फीश या गावातून तारेवर चालणाऱ्या पाळण्याने एगिसहॉर्नच्या माथ्याजवळ जावे. येथून हिमनदीचा मधला व खालचा भाग एका दृष्टिक्षेपात येतो. तिच्या पाठीवर मधोमध दोन काळ्या रेघा लांबवर वळत गेलेल्या दिसतात. जणू बैलगाडीची चाकोरीच. त्या रेघा म्हणजे दगडमातीच्या रांगा होत. वर दोन प्रवाह मिळतात तेव्हा त्यांच्या काठांवरचा राडारोडा मध्ये सापडतो आणि बर्फाबरोबर वाहत खाली येतो. वृद्ध माणसांनाही हे दृश्य विनासायास पाहता येते. बर्फावर पाऊल ठेवण्याची मुळीच गरज नाही.

ज्याला पाऊल ठेवायचेच असेल त्याने मात्र वाटाड्यावाचून जाऊ नये. यात तडजोड नाही. उन्हाळ्यात धाडसी प्रवासी खिंडीतून निघून दोन दिवसांत हिमनदी उतरतात. सर्वांच्या कमरेला एकच दोर, बुटांच्या तळाला लोखंडी दात बांधलेले. बर्फ वळणावर ताणला जातो तेथे तो फाटतो आणि खोल भेगा पडतात. ताजे हिम पडले की त्या भेगांवर पातळ झाकण बसते, आणि सपाट दिसणारी पांढरी वाट पायाखालून नाहीशी होते. दोर त्याचसाठी. उघड्या भेगेत डोकावले तर आत निळा रंग दिसतो, आणि तो खोलीबरोबर गडद होत जातो. घट्ट बर्फ सूर्यप्रकाशातील तांबडा अंश गिळतो व निळा परत पाठवतो, हे त्याचे कारण.

या बर्फाने माणसे गिळली आहेत आणि परतही केली आहेत. मार्च १९२६ मध्ये लोचेनटाल खोऱ्यातील तीन सख्खे भाऊ हिमनदीवर गेले ते परतलेच नाहीत. जून २०१२ मध्ये गिर्यारोहकांना हिमनदीच्या पृष्ठभागावर अस्थी आढळल्या. तपासणीनंतर त्या त्याच भावांच्या असल्याचे निश्चित झाले. शहाऐंशी वर्षे बर्फाने त्यांना आपल्या उदरात ठेवून सुमारे दहा किलोमीटर खाली आणले होते. शास्त्रज्ञांनी पुढे त्यांच्या या मुक्या प्रवासाचे गणितही मांडले. घरच्या पुढच्या पिढीला आपल्या माणसांना मूठमाती देता आली.

कॉन्कॉर्डियाच्या काठावर खडकावर एक निवारा आहे. १८७७ मध्ये तो बांधला तेव्हा बर्फाच्या पातळीपासून सुमारे पन्नास मीटरच उंच होता. आज त्या निवाऱ्याला पोहोचण्यासाठी खडकाला जडवलेल्या साडेचारशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. निवारा वर गेलेला नाही, बर्फ खाली बसला आहे. दिवसभर बर्फावर चाललेला प्रवासी त्या जिन्याखाली उभा राहतो तेव्हा हिमनदीची स्थिती त्याला कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक नेमकी कळते. गुडघेच ती सांगतात!

आता फीश गावाची हकीकत. एके काळी येथील लोकांना बर्फ वितळण्याची नव्हे, वाढण्याची धास्ती होती. सतराव्या शतकात आल्प्समधील हवामान फार थंड झाले होते आणि हिमनद्या कुरणांवर चाल करून येत होत्या. हिमनदीच्या कडेला मेर्येलेन नावाचे सरोवर होते. बर्फाची भिंतच त्याचा बांध. ही भिंत कधी आतून फुटे आणि सारे सरोवर एकाएकी खालच्या वस्तीवर कोसळे. १६५३ मध्ये नाटर्सच्या ग्रामस्थांनी सिडर्स येथील येशूसंघीय धर्मगुरूंना साकडे घातले. दोघे धर्मगुरू आले, आठवडाभर प्रवचने झाली, आणि मग सारे गाव मिरवणुकीने कित्येक तास चालत हिमनदीच्या मुखाशी गेले. तेथे बर्फाला आशीर्वाद देऊन संत इग्नेशियस लोयोला यांची प्रतिमा उभारण्यात आली. हेच इग्नेशियस गोव्याच्या संत फ्रान्सिस झेवियर यांचे सोबती व वरिष्ठ.

पुढे १६७८ मध्ये फीश व शेजारच्या फीशरटालच्या लोकांनी विधिपूर्वक नवस केला: आम्ही सदाचाराने राहू, प्रार्थना करू, परमेश्वरा, ही हिमनदी आवर. १८६२ पासून त्या नवसापोटी दरवर्षी ३१ जुलैला, संत इग्नेशियसच्या सणादिवशी, एर्नरवाल्डच्या चॅपेलकडे मिरवणूक निघू लागली. आणि नवस फळला, असेच म्हणावयास हवे! त्याच सुमारास हिमनदीने माघार घेण्यास प्रारंभ केला. १८७८ मध्ये मेर्येलेनचा एक मोठा पूर आला खरा, आणि त्यानंतर पाणी सोडून देण्यासाठी खडकातून बोगदाही खणला गेला. परंतु बर्फ इतका उतरला की त्या बोगद्याचे कामच उरले नाही. मोठ्या सरोवराच्या जागी आज लहान तळी उरली आहेत.

माघार मात्र थांबेना. १८६० च्या आसपासच्या तुलनेत हिमनदी तीन किलोमीटरहून अधिक आखडली आहे. वालिसच्या खोऱ्यात पाऊस बेताचा. उन्हाळ्यात कुरणे व द्राक्षमळे हिमनद्यांच्या पाण्यावर जगतात. हे पाणी आणण्यासाठी जुन्या लोकांनी कड्यांच्या अंगाला लाकडी पन्हळी टांगून मैलोगणती पाट नेले. ज्याच्या भीतीने बापजाद्यांनी नवस केला, त्याच्याच जोरावर नातवंडांची शेती चालली होती. तेव्हा गावकऱ्यांपुढे विलक्षण पेच उभा राहिला. नवस मोडावा तर तो देवाला दिलेला शब्द. पाळावा तर दर जुलैला आपल्याच पाण्याविरुद्ध प्रार्थना करावयाची! २००९ मध्ये त्यांनी रोमकडे विनंती केली, आणि २०१० मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या कारकीर्दीत परवानगी मिळाली. तेव्हापासून त्याच दिवशी, त्याच वाटेने जाणारी मिरवणूक हिमनदी टिकून राहावी म्हणून प्रार्थना करते.

काही चतुर मंडळी या गोष्टीला हसतात. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. दोन्ही वेळी लोकांनी आपले खरे संकटच देवापुढे ठेवले. संकटाचे कारण मात्र बदलले आहे. सतराव्या शतकातील थंडी माणसाने आणलेली नव्हती; आजची उष्णता मुख्यतः कोळसा व खनिज तेल जाळल्याने वाढली आहे. स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांचा दहावा हिस्सा बर्फ केवळ २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत नाहीसा झाला. झुरिक येथील शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये केलेल्या हिशेबानुसार, तापमानवाढ कितीही आटोक्यात ठेवली तरी या शतकाच्या अखेरीस आलेचचा निम्मा बर्फ जाणार. न ठेवल्यास इकडेतिकडे काही तुकडेच उरणार.

जाऊ इच्छिणाऱ्याने जुलै किंवा ऑगस्ट निवडावा. गरम कपडे, काळा चष्मा आणि भक्कम बूट बरोबर घ्यावेत. उन्हाळ्यातही वर थंडी असते आणि बर्फावरून परावर्तित होणारे ऊन डोळ्यांना इजा करते. जुलैच्या अखेरीस गेल्यास मिरवणूकही पाहावयास मिळते. प्रार्थना जर्मन भाषेत चालते. पण शब्द कळले नाहीत तरी काय मागितले जात आहे, हे आता आपल्या वाचकांना ठाऊक आहे.